पर्जन्यछायेतील परसबाग

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेला उतरू लागले की पाऊस झपाट्याने ओसरतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. डोंगराच्या आडोशामुळे पाऊस असा तुटणाऱ्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी हे तालुके या पट्ट्याचा गाभा आहेत. मराठवाड्याच्या आणि पश्चिम विदर्भाच्या मोठ्या भागात पावसाची सरासरी याहून बरी असली, तरी पावसातले खंड आणि उन्हाळ्याची तीव्रता यांमुळे परसात भाजी लावणाऱ्या कुटुंबापुढचा प्रश्न जवळपास तोच राहतो. पाऊस चार महिन्यांत उरकतो, ऑक्टोबरनंतर आकाशातून मिळणारे पाणी जवळजवळ संपते आणि मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत तापमान चाळीस अंशांच्या मागेपुढे फिरत राहते. अशा ठिकाणी घराजवळच्या थोड्या जागेत कुटुंबासाठी भाजी कशी, किती आणि कोणती घ्यावी, या प्रश्नाचा हा आढावा आहे.

परसबागेवर मराठीत सातत्याने लिहिले गेले आहे आणि त्या लेखनाचे तीन ठळक प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह कृषी विद्यापीठांच्या आणि कृषी विभागाच्या पुस्तिकांचा आहे. राहुरी, अकोला आणि परभणी येथील विद्यापीठांनी वाणांची निवड, लागवडीचे अंतर, खताची मात्रा आणि हंगामवार वेळापत्रक यांची भरवशाची माहिती घराघरांत पोहोचवली. तिचा साचा मात्र शेतातल्या भाजीपाल्याचा आहे आणि विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी त्यात गृहीत धरलेले असते. दुसरा प्रवाह कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांनी उभारलेला प्रयोग परिवार यांचा. मुळात गणिताचे अभ्यासक असलेल्या दाभोळकरांनी पानाचे क्षेत्रफळ, सूर्यप्रकाश आणि पालापाचोळ्यापासून तयार होणारी माती यांचा हिशेब मांडून सामान्य माणसाला आपल्या अंगणात मोजमाप करायला शिकवले, हे त्यांचे मोठे योगदान आहे. ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे त्यांचे पुस्तक या विचाराचे सर्वांत सुसंगत रूप होय. तिसरा प्रवाह पोषणाच्या अंगाने जातो: महिला बचत गट, अंगणवाड्या आणि शाळा यांच्यामार्फत राबवली जाणारी पोषण परसबाग, धाराशिव-लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुष्काळाच्या अनुभवातून पुढे आणलेले महिलांच्या एक एकर शेतीचे प्रारूप आणि अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचे देशी बियाणे जपण्याचे काम या प्रवाहात येते. तिन्ही प्रवाहांनी मौलिक सामग्री दिली आहे. तरी कोरड्या आणि उष्ण भागाच्या दृष्टीने पाहता त्यांत एक उणीव राहून जाते, ती अशी की खरीप, रब्बी आणि उन्हाळी हे तीन हंगाम सारख्या वजनाचे मानून आखणी केली जाते आणि बागेचा आकार बाराही महिने एकच धरला जातो. पर्जन्यछायेतल्या बागेची आखणी मे महिन्यात हाती असणाऱ्या पाण्यापासून सुरू करून उलट दिशेने पावसाळ्यापर्यंत न्यावी, असे या आढाव्यातील प्रतिपादन आहे.

त्यासाठी प्रथम पाण्याचा हिशेब स्पष्ट करावा लागतो. जमिनीच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते, त्याला बाष्पीभवन म्हणतात. वनस्पती मुळांवाटे घेतलेले पाणी पानांच्या रंध्रांतून हवेत सोडते, त्याला पर्णोत्सर्जन म्हणतात. आणि वाफ्यातून एकूण किती पाणी उडून जाते ते या दोहोंच्या बेरजेवरून, म्हणजे बाष्पपर्णोत्सर्जनावरून कळते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि एक चौरस मीटर जागेवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हे लक्षात ठेवले की घरगुती हिशेब सोपा होतो. दख्खनच्या कोरड्या भागात हिवाळ्यात हा खर्च दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास असतो, तर मे महिन्यात तो दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. देताना सांडणारे आणि मुळांखाली निघून जाणारे पाणी धरले, तर हिवाळ्यात प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ५ लिटर आणि मे महिन्यात सुमारे १० लिटर पाणी रोज लागते.

आता पुरवठ्याची बाजू पाहू. ग्रामीण नळयोजनांसाठी जल जीवन मिशनने दरडोई दिवसाला ५५ लिटर हे परिमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात या हिशेबाने २७५ लिटर पाणी येते आणि त्यातले अंघोळ, धुणे-भांडी व स्वयंपाकघर यांतून बाहेर पडणारे वापरता येण्याजोगे पाणी १५० लिटर धरणे वाजवी ठरेल. हे १५० लिटर हिवाळ्यात ३० चौरस मीटर बाग जगवते आणि मे महिन्यात केवळ १५ चौरस मीटर. एका गुंठ्याची, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरची बाग मे महिन्यात पूर्ण लावलेली ठेवायची तर रोज हजार लिटर पाणी हवे आणि टँकरवर अवलंबून असलेल्या गावात ते कोणाही सामान्य कुटुंबाकडे नसते. छपरावरचे पाऊसपाणी ही या हिशेबातली दुसरी जमेची बाजू आहे. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी वर्षाला २०,००० लिटर पाणी उतरते. मात्र त्याची किंमत साठवणुकीच्या टाकीवरून ठरते. पाच हजार लिटरची टाकी भरून ठेवली, तर उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज ५० लिटर मिळतात, म्हणजे मे महिन्यातली आणखी पाच चौरस मीटर जागा जगते. हे पाणी क्षारमुक्त असल्यामुळे ते सरसकट न वापरता रोपवाटिकेसाठी आणि कोवळ्या पालेभाजीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे असते.

या आकड्यांसमोर कुटुंबाची गरज ठेवली की नियोजनातला खरा पेच उघड होतो. दर माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली तर पाच जणांना वर्षाला साडेपाचशे किलोच्या आसपास भाजी लागते. दर पिकाला प्रति चौरस मीटर दोन किलो उत्पादन आणि वर्षात सरासरी अडीच पिके असा मध्यम अंदाज केला, तरी त्यासाठी एका गुंठ्याहून थोडी अधिक जागा बारमाही ओलिताखाली हवी. पाणी मात्र पंधरा ते तीस चौरस मीटरपुरतेच आहे. त्यामुळे संपूर्ण स्वयंपूर्णतेचे जे चित्र अनेक पुस्तिका रंगवतात, ते या प्रदेशात कुटुंबाला निराश करणारे ठरते आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाग सोडून देण्याचे ते एक मोठे कारण असावे. त्याऐवजी बागेने काय पिकवावे आणि बाजारावर काय सोडावे, याचा निवाडा आधीच करणे हिताचे आहे. बटाटा, कांदा, कोबी, फ्लॉवर ही टिकाऊ किंवा जागा अडवणारी पिके बाजारावर सोडावीत. पालेभाज्या, कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची, लिंबू, शेवगा आणि शेंगवर्गीय वेल यांना घरच्या पाण्यावर पहिला हक्क द्यावा, कारण पालेभाजी तोडल्यापासून काही तासांत मलूल होते, आठवडी बाजाराच्या गावात ती सात दिवसांतून एकदाच ताजी मिळते आणि जीवनसत्त्व अ, फोलेट व लोह यांच्या दृष्टीने थोड्या जागेत तिच्याइतके देणारे दुसरे पीक नाही. दोन चौरस मीटरच्या चार वाफ्यांत पंधरा दिवसांच्या अंतराने पालेभाजी पेरत राहणे हा कोरड्या परसबागेचा कणा मानला पाहिजे.

वर्षाचे वेळापत्रक या हिशेबावरूनच आकार घेते. मृगाच्या पावसानंतर बाग सर्वाधिक पसरू द्यावी, कारण जुलै ते सप्टेंबर या काळात पाणी फुकट असते. भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची, अंबाडी, दोडका, कारले आणि दुधी हे सारे तेव्हा लावून, जिथे उन्हाळ्यात ओलीत करता येणार नाही अशी परसाची कडा आणि कुंपणही वापरात आणावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सावलीत टोमॅटो आणि वांग्याची रोपे तयार करून ती ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरताना हलवली की हिवाळ्यातली बाग सुरू होते. मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, वाटाणा आणि घेवडा यांचा हा काळ असून कमी पाण्यात सर्वाधिक अन्न याच चार महिन्यांत मिळते. तरीही पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर बाग आवरती घेतात, ही मोठी हानी आहे. मजुरी आणि पाणी दोन्हींच्या दृष्टीने हिवाळा हाच पर्जन्यछायेचा मुख्य भाजी-हंगाम होय. उन्हाळी भाजी मात्र उन्हाळ्यात पेरण्याची चूक टाळावी लागते. काकडी, दोडका, ढेमसे, भेंडी, गवार आणि चवळी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरली, तर ऊन तापण्यापूर्वी मुळे खोल जातात आणि पाने जमीन झाकतात. हेच बी एप्रिलमध्ये टाकले तर उगवण तोकडी होते आणि उगवलेले रोप पहिल्या आठवड्यातच करपते. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत नवे काहीही न लावता बहुवर्षायू झाडे आणि दोनचार सावलीतले वाफे एवढेच जगवावेत आणि उरलेले वाफे आच्छादनाखाली विश्रांतीला सोडावेत. थंड देशांतली बाग हिमकाळात जशी थांबते तसा हा थांबा असून त्याला अपयश समजण्याचे कारण नाही.

सावलीचा विचार मराठी पुस्तिकांत फारच त्रोटक येतो आणि म्हणून तो येथे सविस्तर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे उन्हाळ्यात सूर्य येथे माथ्यावर येतो. सोलापूरला मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि नागपूरला त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. याचा अर्थ असा की भिंत, कुंपण किंवा बाजूचे झाड मध्यान्हीच्या उन्हापासून वाफ्याचे रक्षण करू शकत नाही. त्या वेळची सावली वरूनच, म्हणजे मांडव, जाळी किंवा झाडाचा विस्तार यांतूनच मिळते. दुपारनंतरचे चित्र वेगळे असते. मे महिन्यात दुपार ढळताना सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तो नैर्ऋत्येकडे असतो. त्यामुळे वाफ्याच्या पश्चिमेला व वायव्येला लावलेले झाड उन्हाळ्याच्या तिसऱ्या प्रहरी, म्हणजे हवा सर्वांत तापलेली असताना सावली देते आणि हिवाळ्यात त्याची सावली वाफ्यावरून दूर ईशान्येकडे निघून जाते. दक्षिणेला लावलेले झाड याच्या अगदी उलट वागते. डिसेंबरात मध्यान्हीची सावली उंचीच्या नऊ दशांशाइतकी लांब उत्तरेला पडत असल्यामुळे असे झाड हिवाळी वाफ्याला नेमके हवे असलेले ऊन अडवते आणि मे महिन्यात त्याचा काहीच उपयोग होत नाही. घराच्या पूर्वेची जागा परसबागेसाठी सर्वोत्तम ठरते, ती याच कारणाने: सकाळचे सौम्य ऊन मिळते आणि दुपारनंतर घरच सावली धरते. पश्चिमेच्या दगडी किंवा सिमेंटच्या भिंतीलगत मात्र दिवसभर साठलेली उष्णता रात्रीही बाहेर पडत राहते, म्हणून तेथे पालेभाजी न लावता तोंडली किंवा दोडक्याचा वेल चढवावा, ज्याने भिंतही थंड राहते.

सावलीसाठी बाजारात हरितगृहाची जाळी, म्हणजे शेडनेट, ३५, ५० आणि ७५ टक्के अशा प्रतींत मिळते. फळभाज्यांना पस्तीस टक्के, पालेभाजीला आणि रोपांना पन्नास टक्के ही ढोबळ मर्यादा असून पंच्याहत्तर टक्क्यांच्या जाळीखाली झाडे लांबुळकी आणि दुबळी होतात. जाळीपेक्षा वेलांचा मांडव अधिक फलदायी, कारण तो सावलीबरोबर भाजीही देतो; जानेवारीत पेरलेला दोडका किंवा दुधी एप्रिलपर्यंत मांडव झाकतो आणि त्याखाली कोथिंबीर, पालक, अळू, पुदिना तग धरतात. उत्तर आफ्रिकेतल्या मरूद्यानांत खजुराखाली डाळिंब-अंजिरासारखी फळझाडे आणि त्यांखाली भाज्या अशी तीन थरांची रचना शतकानुशतके चालत आली आहे. दख्खनमध्ये खजुराचे स्थान शेवगा घेऊ शकतो, कारण त्याची पाने बारीक असल्याने सावली विरळ पडते, मुळे खोल जातात आणि दरवर्षी छाटला तरी तो नव्या जोमाने फुटतो. उष्ण वाऱ्याचाही स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण वारा पानाभोवतीची दमट हवा सतत वाहून नेतो आणि पाण्याचा खर्च वाढवतो. शेवरी, गिरिपुष्प, एरंड किंवा तुरीची ओळ वाऱ्याच्या दिशेला लावली, तर वारा मोडतो आणि गिरिपुष्पाची छाटलेली पाने हिरवळीचे खत म्हणून वाफ्यावर येतात.

जमिनीच्या बाबतीत या प्रदेशात दोन टोके भेटतात. एकीकडे बेसाल्ट खडकापासून बनलेली भारी काळी माती, जिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून खोल भेगा पाडते. दुसरीकडे माळावरची उथळ, मुरमाड जमीन, जी पाणी धरतच नाही. काळ्या मातीत पाणी टिकते, पण भेगांवाटे खालच्या थरातली ओलही उडून जाते आणि मुळे तुटतात, म्हणून तिला उघडी ठेवणे हाच मोठा धोका आहे. मुरमाड जमिनीत हातभर खोल खोदून, मुरूम काढून, त्या जागी शेणखत, पालापाचोळा आणि तळ्यातला गाळ यांचे मिश्रण भरावे लागते आणि एवढे श्रम पंधरा-वीस चौरस मीटरवरच शक्य असतात. लहान बाग सुचवण्याचे हे आणखी एक कारण. दोन्ही जमिनींत चुनखडीचे प्रमाण वारंवार जास्त आढळते. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. त्यावर रासायनिक खताची मात्रा वाढवणे निरुपयोगी असून भरपूर कुजलेले सेंद्रिय खत आणि गरज पडल्यास सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी हाच मार्ग आहे.

वाफ्याच्या रचनेबद्दल बरेच गैरसमज आहेत. विटा-फळ्यांच्या चौकटीत माती उंच भरून केलेले वाफे आजकाल चित्रांमुळे लोकप्रिय झाले आहेत. ते ओल्या आणि थंड देशांत पाण्याचा निचरा व्हावा आणि माती लवकर तापावी म्हणून निर्माण झाले. कोरड्या उन्हाळ्यात ही दोन्ही वैशिष्ट्ये घातक ठरतात, कारण उंच वाफा चारही बाजूंनी तापतो आणि वाळतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील झुनी लोकांच्या बागा याच्या नेमक्या उलट रचनेच्या आहेत: हातभर लांबीरुंदीच्या चौकोनी खोलगट खाचा, भोवती मातीचे छोटे बांध आणि प्रत्येक खाचेत हाताने घातलेले मोजके पाणी. आपल्याकडची बांध घातलेली सपाट वाफ्यांची आणि झाडाभोवतीच्या आळ्यांची पद्धत याच कुळातली आहे. तरी खोलगट वाफा बारा महिने चालवता येत नाही. भारी काळ्या मातीत भाद्रपदातल्या एका जोरदार सरीने त्यात पाणी तुंबते आणि मिरची-वांगी मुळांशी सडतात. म्हणून एकाच जागेवर पावसाळ्यात सरी-वरंबा किंवा गादीवाफा आणि पावसाळा संपताना तो मोडून सपाट-खोलगट वाफा, असा वर्षातून दोनदा आकार बदलणे हा काळ्या मातीपुरता योग्य तोडगा आहे. मुरमाड जमिनीत हा खटाटोप लागत नाही. तेथे वर्षभर खोलगट वाफाच इष्ट.

आच्छादनाविषयी सर्व प्रवाहांत एकमत आढळते आणि ते योग्यच आहे. उसाचे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या तुऱ्हाट्यांचा चुरा किंवा झाडलोटीचा पाला यांचा चार बोटे जाड थर मातीचे तापमान आणि बाष्पीभवन दोन्ही लक्षणीय उतरवतो. दोन बारकावे मात्र वारंवार निसटतात. कच्चे काड मातीत मिसळले तर ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते, म्हणून ते वरच पसरावे. आणि कोरड्या भागात वाळवी काडाबरोबर रोपाच्या खोडापर्यंत पोहोचते, म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी.

पाणी देण्याच्या पद्धतींत मडक्याचे सिंचन विशेष लक्ष देण्याजोगे आहे. चीनमधील इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या फान शंग-चिह यांच्या शेतीविषयक लेखनात त्याचे वर्णन येते आणि भारतात १९७०च्या दशकात कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी त्यावर पद्धतशीर प्रयोग केले. आठ-दहा लिटरचे कच्च्या पोताचे, रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरले आणि झाकले की त्याच्या भिंतीतून पाणी झिरपते. भोवतीची माती ओली असताना झिरपणे मंदावते आणि सुकली की वाढते, त्यामुळे देणे गरजेप्रमाणे आपोआप होते. एका मडक्याभोवती काकडी, दोडका किंवा टोमॅटोची चार रोपे जगतात. पृष्ठभाग कोरडा राहतो म्हणून तणही कमी उगवते. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने मडक्याची छिद्रे दोनतीन हंगामांत बुजतात, ही त्याची मर्यादा. दाट पेरलेल्या पालेभाजीला मडके सोयीचे नाही. तिला झारीने किंवा एका मीटर उंचीवर ठेवलेल्या दोनशे लिटरच्या पिंपातून चालणाऱ्या घरगुती ठिबकने पाणी द्यावे. वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची असावी आणि रोज शिंतोडे मारण्याऐवजी दोनतीन दिवसांआड खोल ओल द्यावी, कारण वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि तीच प्रथम भाजतात.

सांडपाण्याच्या वापराबाबत उत्साही लेखनात जितकी सावधगिरी हवी तितकी दिसत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमची संयुगे असतात आणि सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो. त्यामुळे माती ओली असताना चिखल आणि वाळल्यावर दगड होते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते. काळ्या मातीत हा धोका सर्वाधिक आहे. म्हणून तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी थेट पालेभाजीला, अंघोळीचे पाणी वाळू-विटांच्या तुकड्यांच्या खड्ड्यातून गाळून फळझाडांना व वेलांना आणि धुण्याचे पाणी केळी, अळू किंवा कुंपणाच्या झाडांना, अशी प्रतवारी करावी. सांडपाणी पानांना न लागता मुळाशीच जावे आणि कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी यांपासून ते दूर ठेवावे. पावसाळ्यात काही महिने ते पूर्ण बंद ठेवले, तर पाऊस साठलेले क्षार धुऊन खाली नेतो. माती घट्ट होऊ लागल्यास जिप्सम मिसळण्याचा उपाय आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसत असले, तरी त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात; ते बागेत नेमाने टाकू नये.

पिकांच्या निवडीत उष्णतेचे शरीरशास्त्र समजून घेतले तर बराच खर्च वाचतो. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांपुढे आणि रात्रीचे पंचवीसच्या आसपास राहिले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. घेवड्याचे आणि ढोबळ्या मिरचीचेही तसेच. त्यांना वाचवण्यासाठी अधिक पाणी घालणे म्हणजे पाणी वाया घालवणे होय. भेंडी, गवार, चवळी आणि वेलवर्गीय भाज्या हे तापमान बऱ्यापैकी सोसतात. तांदुळजा, माठ आणि राजगिरा या कुळाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत, जिला शास्त्रात सी-४ म्हणतात, कर्बवायू पानांतल्या पेशींत एकवटून रंध्रे कमी उघडी ठेवूनही वाढ करू देते, म्हणून तेवढ्याच पाण्यात या भाज्या पालकापेक्षा उन्हाळ्यात कितीतरी अधिक पाला देतात. घोळ याहून पुढे जाते. ओल तुटली की ती दिवसा रंध्रे मिटून रात्री कर्बवायू घेते. परसातले तण म्हणून उपटली जाणारी ही भाजी वैशाखात वाफ्याचा एक कोपरा मागून घेण्याच्या योग्यतेची आहे. बहुवर्षायूंत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, हादगा, तोंडली आणि मोरीच्या पाण्यावरचे अळू यांना पहिले स्थान द्यावे. शेवग्याच्या शेंगांइतकाच त्याचा पालाही भाजी म्हणून खाल्ला जावा. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी आणि फुलकिडे बळावतात, त्यांना पानांखालून मारलेला पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क आवर घालतो. भेंडीवरचा केवडा हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. त्याला तोंड देण्यासाठीच परभणीच्या विद्यापीठाने परभणी क्रांती हा वाण काढला होता. अशा सरळ वाणांचे बी घरी धरता येते, संकरित वाणांचे धरता येत नाही, आणि दर वर्षी तगून राहिलेल्या झाडांचे बी निवडत गेल्यास बाग त्या अंगणाला हळूहळू जुळत जाते.

हिवाळ्यातला सुकाळ उन्हाळ्यापर्यंत नेण्याचे साधन या प्रदेशाच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. जे ऊन वाफे जाळते तेच मेथी, कोथिंबीर, गवार, कारले आणि वांग्याच्या फोडी दोनतीन दिवसांत कडक वाळवते. सांडगी मिरची आणि भाजीचे सांडगे याच उन्हाचे. पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवली तर त्यांतले जीवनसत्त्व अ अधिक टिकते. बागेच्या नियोजनात वाळवणासाठी जादा दोन वाफे मेथी आणि एक ओळ गवार हिवाळ्यात धरली, तर मे महिन्यातली लागवड कमी करण्याचा निर्णय कुटुंबाला जड जात नाही.

शेवटचा आणि बहुधा सर्वांत अवघड भाग श्रमाचा आहे. या प्रदेशात पाणी भरणे आणि भाजी राखणे ही दोन्ही कामे मुख्यतः बायांवर पडतात, आणि बागेसाठी आणखी दोन हंडे असे सहज म्हणणारी योजना त्यांच्या पाठीवरचे ओझे वाढवते. मोरी आणि वाफा यांतले अंतर कमीत कमी ठेवणे, पाणी उतारानेच जाईल अशी नाली काढणे आणि बाग घरातल्या सर्वांनी वाटून घेणे या गोष्टी खतापेक्षा अधिक परिणाम करतात. सन २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. तशा वर्षी बाग किती आवळायची याचा क्रम आधीच ठरलेला असावा: प्रथम फळभाज्यांचे वाफे सोडावेत, नंतर पालेभाजी एका वाफ्यावर आणावी, शेवग्याच्या निम्म्या फांद्या छाटून त्याचा पाणीखर्च कमी करावा आणि हातातले शेवटचे पाणी कढीपत्ता, लिंबू व तोंडलीच्या मुळाशी पुरलेल्या मडक्यांत घालावे. भेंडी, गवार, चवळी आणि तांदुळज्याचे बी त्याआधीच राखेत घोळून डब्यात भरलेले असले, तर मृगाची ओल येताच उरलेली सारी बाग पुन्हा पेरता येते.